ओटी

तिसरी वेचणी. डिसेंबर उतरणीला,
धुऱ्यावरच्या तुरीला शेंगा
आणि माझा दुसरा दिवस.

कमरेला ओटी बांधताना गाठ
चार बोटं वर घेतली आज,
तरी कापूस खालीच साठतो,
जिथं दुखतं नेमका तिथं येऊन बसतो.
ओटी आणि ओटीपोट.
ज्या बाईनं हे शब्द शेजारी ठेवले
ती पऱ्हाटीत वाकलेली असणार.

दुखणं कसं म्हणाल तर
ओलं लुगडं दोघींनी दोन टोकांना धरून पिळावं,
सोडावं,
परत पिळावं.
मग मांड्यांतून खाली, पोटऱ्यांत, चपलेपर्यंत.
ओव्याचं पाणी पिऊन आले होते.
गोळीही घेतली होती, पण किराण्यात
पोटाचं सांगता येत नाही, चार माणसं बसलेली असतात,
म्हणून मी सांगते डोकं दुखतं,
तो डोक्याचीच देतो.
महिन्याच्या महिन्याला माझं डोकं दुखतं
हे त्याच्या उधारीच्या वहीत लिहिलेलं आहे.

बोंडाचं टोक नखात शिरलं आणि मी खाली बसले.
तीन ओळींपलीकडून पंचफुलाबाईनं पाहिलं.
तिची पिशवी बत्तिसाव्या वर्षीच काढली, यवतमाळला,
कानातलं विकून.
"पिशवी गेली, कंबर रायली," म्हणते, आणि वेचत राहते.

"चाल वं," म्हणाली.
दुपारचा दीड. धुऱ्यावर ताडपत्रीवर
सकाळपासूनचा ढीग,
ऊन त्याच्या आत शिरून बसलेलं.
"पालथी पड. पोट आत घाल."
"अन् मालक?"
"जेवाले गेला. आला तं सांगतो मी,
ढीग दाबून रायली म्हणून."

वरून नुसता पांढरा.
आत कोमट. आणखी आत
चुलीवरून उतरवलेल्या भाताइतका.
सरकीचा वास, थोडा तेलकट,
कुणाच्या तरी अंगासारखी ऊब,
पण काही न मागणारी.
लुगडं पिळणाऱ्या दोघींपैकी
एकीचा हात सुटला बहुतेक.
दुखणं गेलं नाही. ढिलं झालं.
बोरीवर साळुंक्या भांडत होत्या,
कधी थांबल्या कळलं नाही.

उठले तर कापसावर एक लाल पुंजका,
चिंचोक्याएवढा.
मला लाज नंतर आली, आधी वजन आठवलं.
पंचफुलाबाईनं तो चिमटीनं उपटला,
टाचेनं काळ्या मातीत दाबला.
"जमिनीले इटाळ नाई होत," म्हणाली,
"मालकाले होते."

पाऊण तास गेला होता. म्हणजे दोन किलो तरी.
मी भराभर हात चालवत होते,
तेवढ्यात शेवंता पाण्याला जाता जाता
माझ्या ओटीत एक मूठ टाकून गेली.
मग तिची सून.
मग कौतिकाबाई, दोन मुठी, त्यात पाचोळाच जास्त.
मग ती, जिच्याशी नळावरच्या भांडणापासून
माझं बोलणं बंद आहे,
तिनं तोंड फिरवूनच टाकली.
नारळ नाही, तांदूळ नाही,
कुणी नाव घ्यायला लावलं नाही.
लग्नात माझी ओटी भरली होती,
पण तेव्हा सगळ्यांचा हिशेब पोराचा होता.

संध्याकाळी काट्यावर एकवीस किलो सहाशे.
मालकानं लिहिले एकवीस.
सहाशे त्याच्याकडे राहिले,
त्यात कुणाकुणाच्या मुठी होत्या
त्याला काय ठाऊक.

रात्री परत पिळायला लागलं.
चुलीत वीट तापवली,
जुन्या चादरीच्या फडक्यात गुंडाळून पोटावर घेतली.
वीट लवकर तापते,
पण पोट जिथं खोल जातं
तिथं तिला जाता येत नाही.